‘मॅडम, नेटवर काहीच नाही’: जुनी मराठी साधनं का सापडत नाहीत आणि काय करून बघायचं

जुलै उजाडला की हे वाक्य आमच्या ग्रंथालयात ऐकू यायला लागतं. एम.ए.च्या मुलांचे लघुप्रबंधाचे विषय ठरलेले असतात, ‘मूळ साधनं बघा’ एवढं सांगून सरांनी त्यांना पाठवलेलं असतं, आणि दोन दिवस फोनवर डोकं घासून मूल माझ्या टेबलापाशी येतं. दर वर्षी तीच अडचण आणि दर वर्षी तीच उत्तरं, म्हणून या खेपेला लिहूनच ठेवते.

गेल्या वर्षीचं उदाहरण घेते. एका मुलीचा विषय होता १८९७चा पुण्यातला प्लेग. तिने शोधलं होतं ‘पुणे प्लेग माहिती मराठी’. मिळालं काय, तर एकमेकांवरून उतरवलेले पाच-सहा लेख. सगळ्यांत रँड, सगळ्यांत २२ जून, सगळ्यांत गणेशखिंड, आणि खाली ‘माहिती आवडल्यास शेअर करा’.

सगळ्यात आधी तो ‘माहिती’ शब्द काढायला लावला. १८९७ साली छापलेल्या कुठल्याही कागदावर ‘माहिती मराठी’ असं लिहिलेलं नसतं. ते आजच्या पानांवर असतं, त्यामुळे आजचीच पानं पुढे येतात. हिंदी पानांचा लोंढा येत असेल तर शोधात अवतरणचिन्हांत ‘आणि’ घाला. हिंदीत तो शब्द नाही, त्यामुळे गर्दी बरीच ओसरते.

त्या काळी त्याला काय म्हणत होते?

प्लेगला तेव्हा लोक ‘प्लेग’ म्हणायचे, तसंच ‘गांठीचा ताप’, ‘ग्रंथिक सन्निपात’, ‘ग्रंथिज्वर’ही म्हणायचे. कॉलऱ्यावर काम करणाऱ्याने ‘कॉलरा’ एवढंच टाकलं तर अर्धं साहित्य हातचं जातं, कारण ते ‘पटकी’, ‘जरीमरी’, ‘महामारी’ या नावांखाली आहे. असे शब्द आपल्याला आठवत नसतील तर शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल कोशांमध्ये जा. मोल्सवर्थचा १८५७च्या आवृत्तीचा मराठी-इंग्रजी कोश तिथे पूर्ण आहे, फुकट आहे, आणि मुख्य म्हणजे त्यात उलटंही शोधता येतं. इंग्रजी अर्थातला शब्द टाका, तो ज्या ज्या मराठी शब्दाच्या अर्थात आलाय त्या नोंदी समोर येतात. दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोशही तिथेच आहे. मोल्सवर्थमध्ये क्रियापदं ‘करणें’, ‘जाणें’ अशी अनुस्वारासकट आहेत, हे लक्षात ठेवा.

याच संग्रहात ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश आहे. त्यात आपल्या ‘मोडशी’ची, म्हणजे कॉलऱ्याच्या एका जुन्या नावाची, गंमत सापडते. कोकण-गोव्याकडचा हा शब्द पोर्तुगिजांनी उचलला, त्याचं ‘मोर्देशिम’ केलं, आणि फ्रेंचांच्या तोंडी तो ‘मोर द शियां’, म्हणजे कुत्र्याचं मरण, होऊन बसला. १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथात या रोगाचं वर्णन आहे. आता कोणी गोव्यातल्या साथींवर काम करत असेल आणि फक्त देवनागरीत शोधत बसला असेल, तर त्याला हे कधी सापडणार?

गावांच्या नावांचंही हेच. इंग्रजी कागदांत वसई म्हणजे ‘बसीन’, पुणे म्हणजे ‘पूना’, ठाणे म्हणजे ‘टॅना’ किंवा ‘थाना’, वऱ्हाड म्हणजे ‘बेरार’. आजच्या सरकारी स्पेलिंगने शोधलं तर आजचेच कागद मिळतात.

शब्द तोच, लिखाण वेगळं

मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली आले आणि व्युत्पत्तीने आलेले, उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकात ‘गांव’, ‘नांव’, ‘पांच’, ‘केलें’, ‘कीं’, ‘त्यांत’ असंच सापडणार. म्हणून प्रत्येक शब्द दोनदा शोधायचा, एकदा आपल्या पद्धतीने आणि एकदा आजोबांच्या. इंग्रजी शब्दांचं लिप्यंतरही तेव्हा वेगळं होतं. आपण ‘ॲक्ट’ लिहितो, जुन्या पुस्तकात ‘आक्ट’ असतं.

यापेक्षा चिवट भानगड आपल्या कळफलकातली आहे, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. ‘वऱ्हाड’ शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन प्रकारांनी टाइप होतो. एका प्रकारात खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते वेगळे शब्द. तिसरा प्रकार ज्यांना हे दोन्ही जमत नाहीत त्यांचा: ‘वर्हाड’, रफार डोक्यावर. आमच्या ग्रंथालयाच्या संगणकीय यादीतच या तिन्ही तऱ्हा होत्या. ‘वऱ्हाड’ टाकून चार पुस्तकं दाखवायची आणि कपाटात एकवीस. दोष माझाच, नोंदी मी आणि माझ्या आधीच्या बाईंनी वेगवेगळ्या कळफलकांवर केलेल्या. ‘ॲ’चं तसंच. एक अक्षर म्हणून स्वतंत्र ॲ आहे, आणि ‘अ’ला वर चंद्र लावून केलेला निराळा. ‘दुःख’, ‘निःपक्ष’मध्ये तर निम्मे लोक विसर्गाच्या जागी सरळ कोलन मारतात.

उपाय साधा आहे: अडचणीचं अक्षर टाळून शोधा. ‘वऱ्हाड’ऐवजी नुसतं ‘हाड’ टाका आणि थोडा कचरा सोसा. किंवा ज्या नोंदीत तो शब्द दिसतोय तिथूनच तो उचलून शोधाच्या चौकटीत चिकटवा. मी आता मुलांना यातला दुसरा उपायच शिकवते, कारण त्यात समजून घेण्यासारखं काही नाही आणि चुकतही नाही.

नोंद रोमनमध्ये, तीही विचित्र

जुन्या मराठी पुस्तकांचा सगळ्यात मोठा साठा आर्काइव्ह डॉट ऑर्गवर आहे. त्यातली हजारो पुस्तकं ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या सरकारी प्रकल्पात स्कॅन झालेली. तो मूळ संग्रह आता त्याच्या जुन्या पत्त्यावर नाही, पण बऱ्याच प्रती आर्काइव्हवर आहेत, आणि त्यांच्या ओळखक्रमांकात ‘डीएलआय’ आणि ‘२०१५’ दिसतं.

इथे देवनागरीत शोधून बहुतेक वेळा काही येत नाही. या नोंदींतली नावं एका खास रोमन पद्धतीने टाइप केलेली आहेत. त्यात ‘आ’साठी दोनदा ए आणि ‘ई’साठी दोनदा आय. ‘ट’ आणि ‘ड’साठी टी किंवा डी, आणि त्याला चिकटून वरती एक अवतरणाचा काटा. शब्दाच्या शेवटी पूर्ण अ असेल तर तोही लिहिलेला, म्हणजे ‘इतिहास’च्या शेवटी एक जास्तीचा ए. ‘मराठी’ असं आपण साध्या रोमनमध्ये टाकलं तर ‘मराठी’चं हे रूप जुळत नाही, कारण त्यात रा-नंतर दोन ए आहेत, ठ-च्या आत काटा आहे आणि शेवटी दोन आय. ज्ञानेश्वरीतला ‘ज्ञ’ कसा लिहिलाय हे बघून तर मी हात टेकले होते.

करायचं असं. नावातला ट, ड, ण, ज्ञ, ष नसलेला, सोपा शब्द निवडा. ‘महाराष्ट्राचा इतिहास’मधला ‘इतिहास’ घ्या, हा-मध्ये दोन ए द्या, शेवटी एक ए. ते जमलं नाही तर लेखकाच्या आडनावाने शोधा आणि त्याची तीन-चार स्पेलिंगं करून बघा. एकदा एक पुस्तक सापडलं की त्याच्या नोंदीत विषय आणि लेखकाचं नाव ज्या रूपात आहे त्यावर टिचकी मारा, त्याची भावंडं बाहेर येतात. त्या मुलीला पहिलं पुस्तक सापडायला पाऊण तास लागला होता, पुढची सहा दहा मिनिटांत.

सालाच्या गाळणीवर (फिल्टरवर) भरवसा ठेवू नका. जुन्या मराठी पुस्तकांवर बरेचदा फक्त शक असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, जानेवारी ते पाडवा या काळात ७९. १८९७ या एकाच सालाचं बघा. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच आजाराने १० मार्चला गेल्या तेव्हा शके १८१८ चालू होता, आणि जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली तेव्हा शके १८१९. नोंद करणाऱ्याने मुखपृष्ठावरचा ‘१८१९’ हा आकडा तसाच सालाच्या रकान्यात ठेवला की ते पुस्तक ७८ वर्षं मागे जाऊन पडतं, आणि १८९० ते १९०० अशी गाळणी लावणाऱ्याला ते कधीच दिसत नाही. एका संग्रहात मी अशी बरीच पुस्तकं पाहिलीत. शंका आली तर गाळणी काढा, किंवा शकाचा आकडाच साल म्हणून टाकून बघा. पेशवाईतल्या कागदांवर शुहूर सन असतो, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे: ११६१ म्हणजे पानिपताचं साल, १७६०-६१.

पीडीएफ हाती आली, आत काहीच सापडत नाही

ही दुसऱ्या नंबरची तक्रार. कंट्रोल-एफ दाबून ‘प्लेग’ टाकलं, शून्य. मुलं म्हणतात, या पुस्तकात प्लेग नाहीच. थांबा. पीडीएफमधली एक ओळ निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. या एका कृतीत रोगाचं निदान होतं.

काहीच चिकटलं नाही, तर पान म्हणजे नुसता फोटो आहे. आर्काइव्हवरच्या कित्येक जुन्या नोंदींत खाली ‘ओसीआर’पुढे चक्क लिहिलेलं असतं की या भाषेचं अक्षरवाचन सध्या होत नाही. स्कॅन चढवला तेव्हाच्या यंत्राला देवनागरी येत नव्हती. मग तुम्हीच करून घ्या. दहा-दहा पानांचे तुकडे पाडून गूगल ड्राइव्हवर चढवा आणि गूगल डॉक्समध्ये उघडा. मराठी बऱ्यापैकी वाचतं. मोठं पुस्तक एकदम टाकलं तर पहिली काही पानं वाचून गप्प बसतं, म्हणून तुकडे.

चिकटलं, पण डोक्यावर टिंबं आणि पायाला शेपट्या असलेली परदेशी अक्षरं आली, तर तो मजकूर युनिकोडच्या, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या, आधीच्या फॉन्टमध्ये आहे. श्रीलिपी, कृतिदेव, सुरेख वगैरे. सरकारी अहवाल, नियतकालिकं आणि २०१०च्या आसपासचे प्रबंध यांत हे फार. फॉन्टचं नाव पीडीएफच्या गुणधर्मांत दिसतं. त्या फॉन्टचा युनिकोड परिवर्तक वापरा. जोडाक्षरं थोडी मोडतात, पण शोधण्यापुरतं काम होतं.

आणि मराठी चिकटलं पण ‘मरण’चं ‘भरण’ झालंय, ‘घर’चं ‘धर’ झालंय, तर अक्षरवाचन झालंय पण झिजलेल्या खिळ्यांच्या छपाईवर. अशा मजकुरात लांब शब्द शोधू नका. ‘ग्रंथिक सन्निपात’मध्ये दोन जोडाक्षरं आहेत, म्हणजे चुकायच्या दोन जागा. नुसतं ‘पात’ शोधा. म, भ, घ, ध, थ, य, ख ही अक्षरं नसलेला तुकडा निवडता आला तर उत्तम.

मोडीतल्या कागदांना यातलं काहीच लागू नाही. मोडी शिकणे हाच उपाय, आणि तो वाटतो तितका अवघड नाही.

दार दिसतं, पण उघडत नाही

हाथीट्रस्टवर (मुख्यतः अमेरिकी ग्रंथालयांच्या डिजिटल साठ्यावर) पुस्तक सापडतं आणि ‘फक्त शोध’ असं लिहून येतं. बऱ्याचदा तेच पुस्तक अमेरिकेत पूर्ण उघडतं, आपल्याकडे नाही, कारण हक्कांचा हिशोब देशागणिक बदलतो. आपल्याकडे लेखकाच्या निधनाचं वर्ष संपल्यापासून ६० वर्षं. रियासतकार सरदेसाई १९५९ साली गेले, त्यांचं लेखन २०२०च्या जानेवारीपासून मोकळं आहे. इरावती कर्वे १९७० साली गेल्या, त्यांचं २०३१मध्ये मोकळं होईल. पण हाथीट्रस्टचं ‘फक्त शोध’ हे बंद दार असलं तरी त्याला खिडकी आहे: शब्द टाकला की तो कोणत्या पानांवर आहे ते आकडे दिसतात. ते आकडे टिपा आणि तेच पुस्तक आर्काइव्हवर किंवा गूगल बुक्सवर शोधा. तिथे नसेल तर निदान कोणती पानं मागवायची ते कळलेलं असतं.

लेखांच्या बाबतीत मुलं पैशाची पाटी बघून परत फिरतात. जेस्टोरवर स्वतःचं मोफत खातं उघडलं की ऑनलाइन वाचायला बरेच लेख मिळतात. त्याच जेस्टोरवर दक्षिण आशियाविषयीचा एक मुक्त संग्रह आहे, त्याला खातंही लागत नाही. आणि ज्या महाविद्यालयाने एन-लिस्टची (महाविद्यालयांसाठीच्या ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकांच्या योजनेची) वर्गणी भरलेली असते तिथल्या प्रत्येक विद्यार्थ्याला लॉगिन मिळतं. आमच्याकडे वर्गणी दर वर्षी भरली जाते आणि गेल्या वर्षी लॉगिन मागायला किती जण आले? अकरा. पाटी लावलेली आहे, दारातच.

शोधगंगेवर, म्हणजे विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या संग्रहावर, शोधू नका, तिथे फिरा. प्रबंधाचं शीर्षक कधी देवनागरीत, कधी रोमनमध्ये, कधी इंग्रजी भाषांतर करून नोंदलेलं असतं, त्यामुळे शोधाचा नेम चुकतो. विद्यापीठ निवडा, विभाग निवडा, आणि यादी वरून खाली वाचा. प्रकरणांच्या फायली वेगवेगळ्या असतात. मी आधी शेवटची उघडते, संदर्भसूचीची. तुमच्या विषयावर कोणीतरी पाच वर्षं घालवून केलेली यादी तिथे आयती आहे. यादीतला प्रत्येक संदर्भ मात्र स्वतः उघडून बघायचा, कारण सूचीतल्या चुकासुद्धा पिढ्यान्‌पिढ्या उतरवल्या जातात.

त्या मुलीला शेवटी काय मिळालं

स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटिश भारतातल्या रोगराईचे सरकारी अहवाल स्कॅन करून मोकळे ठेवलेत. तिथे प्लेगचा वेगळा विभागच आहे. लंडनच्या वेलकम संग्रहात मुंबईच्या प्लेगचे फोटो मिळाले: झोपड्यांतली इस्पितळं, चुना फासलेली घरं, तपासणीची पथकं. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’वर होम डिपार्टमेंटच्या सॅनिटरी शाखेच्या फायली निघाल्या. तिथे शोध इंग्रजीतूनच करावा लागतो, कारण फायलींची शीर्षकं त्या काळच्या कारकुनांनी लिहिलेलीच ठेवलीत. कॅम्पबेलचं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर तिने आधी बाजूला टाकलं होतं, कारण ते १८८५चं, प्लेगच्या बारा वर्षं आधीचं. पण पुण्याच्या पेठापेठांची वस्ती, घरं आणि पाण्याची सोय त्यात आहे, आणि साथ एका पेठेत जास्त का पसरली हे विचारायचं तर आधीचं चित्र लागतंच.

हे सगळं सरकारच्या बाजूचं. घराघरांतून काय बोललं जात होतं ते मराठीत आहे, आणि ते ‘गांठीचा ताप’ टाकल्यावर, अनुस्वारासकट टाकल्यावर, आर्काइव्हवरच्या एका आत्मचरित्रात निघालं.

त्यातही दोन पानं नव्हती. स्कॅन करणाऱ्याने ११२नंतर ११५च उलटलं होतं. असं झालं तर त्याच पुस्तकाची दुसरी नोंद शोधा. एकच पुस्तक दोन-तीन ग्रंथालयांतून स्कॅन झालेलं असतं, वेगळ्या स्पेलिंगखाली. दुसरी आवृत्ती असेल तर पानांचे आकडे सरकतात, म्हणून मजकुरावरून ताडून बघा. नाहीच मिळालं तर मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचं ‘ग्रंथसंजीवनी’ बघा, आणि तिथेही नसेल तर ज्या ग्रंथालयात प्रत आहे तिथे एक ईमेल टाका. ‘प्लेगवरची पुस्तकं पाठवा’ असं लिहू नका. पुस्तकाचं नाव, लेखक, आवृत्ती, शक, ‘पान ११३ आणि ११४’. अशा पत्राला उत्तर येतं. तिला नऊ दिवसांनी आलं, फोनवर काढलेले दोन फोटो, एकात ग्रंथपालांचा अंगठा.